हे गाव इथंच का?

जुन्नर तालुक्याचा नकाशा पुढ्यात घ्यावा आणि बोट पूर्वेकडून पश्चिमेला सरकवत न्यावं. बेल्हे, आळे, राजुरी, नारायणगाव, ओतूर ही नावं ठसठशीत अक्षरांत, एकमेकांपासून ऐसपैस अंतरावर. जुन्नर शहर ओलांडलं की नावं बारीक होत जातात. आपटाळे, चावंड, पूर, खटकाळे, देवळे, फांगुळगव्हाण, अंजनावळे. अगदी कडेला घाटघर. तिथं तालुका संपतो, पुणे जिल्हा संपतो आणि पायाखालची जमीनही संपते. पुढं सह्याद्रीचा उभा कडा, आणि कड्याच्या पायथ्याशी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्याचं वैशाखरे.

अशा जागी कुणी घर का बांधावं? पावसाळ्यात दिवसचे दिवस समोरचा माणूस दिसू नये इतकं धुकं. वारा असा, की कड्यावरून कोसळणारं पाणी खाली पडण्याऐवजी उलटं वर उडतं. हल्ली तो ‘उलटा धबधबा’ बघायला मुंबई-पुण्याहून गाड्यांची रांग लागते. एवढा पाऊस पिऊनही हा काळा खडक पाणी धरत नाही, त्यामुळे चैत्र-वैशाखात हंड्यामागं पायपीट ठरलेली. माती पातळ, उतार जास्त. हौसेनं निवडावी अशी ही जागा नव्हे. पण लहान गावाची जागा त्या गावाच्या सोयीनं ठरत नाही, असं जुन्नर आणि शेजारचा आंबेगाव या दोन तालुक्यांत हिंडताना पुन्हापुन्हा वाटतं. इथल्या कितीतरी गावांचं कारण गावाच्या शिवेबाहेर, कधी शेकडो मैलांवर सापडतं.

घाटघरचं कारण समुद्रापलीकडं आहे.

सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल पैठणकडं न्यायचा तर मध्ये सह्याद्रीची भिंत आडवी. भिंतीला खाचा पुष्कळ आहेत, पण बहुतेक ठिकाणी एक चढ चढला की पलीकडं उतार आणि पुन्हा चढ. घाटघरजवळच्या नाणेघाटाची गोष्ट वेगळी. दोन कड्यांमधल्या अरुंद नाळेतून एकदा वर आलं की समोर पठार, आणि तिथून कुकडीच्या खोऱ्यानं हळूहळू उतरत थेट जुन्नर. म्हणजे बैलांची छाती फुटेल असा चढ एकदाच. सातवाहनांनी ही नैसर्गिक खाच कोरून, पायऱ्या आणि फरसबंदी करून वाहती केली. वाट राखायला आसपास जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी असे गड उभे राहिले. लादलेली जनावरं वर आली की त्यांना पाणी हवं, चारा हवा, मुक्काम हवा. आणि माल तिथून जातोय म्हटल्यावर राज्याला जकात हवी. घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण अजून आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक सांगतात. तेव्हा घाटमाथ्यावर वस्ती ही होणारच होती. घाटघर हे नावही जागेवरूनच पडलेलं दिसतं; अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला आणखी एक घाटघर आहे, तेही कोकणकड्यालाच चिकटलेलं.

नाळेच्या वरच्या टोकाला एक लेणं आहे, तीसेक फूट लांब-रुंद. लेणं म्हटल्यावर बुद्धमूर्ती, स्तूप शोधत आत जाल तर निराशा होईल. मागच्या भिंतीवर एका राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या कधीच्या फुटून गेल्या, पण वर कोरलेली नावं राहिली: सिमुक सातवाहन, देवी नागनिका, श्री सातकर्णी, राजकुमार, एक महारठी. ज्यांचे पुतळे गेले आणि नावाच्या पाट्या तेवढ्या शिल्लक राहिल्या, असं हे महाराष्ट्राचं जुनं कौटुंबिक दालन. खरा खजिना बाजूच्या दोन भिंतींवर आहे. राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लांबलचक लेख. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा.

हा लेख म्हणजे निम्म्याहून अधिक हिशेब आहे. कोणता यज्ञ केला आणि दक्षिणा काय दिली, याची यादी. एका ठिकाणी गाई १२ आणि घोडा १. दुसऱ्या ठिकाणी गाई ११,००० आणि घोडे १,०००. कुठं चांदीचे १७ घडे, कुठं कार्षापण नावाची नाणी. आणि हे आकडे नुसते शब्दांत नाहीत, अंकांत कोरलेत! भारतातल्या अंकलेखनाच्या सगळ्यात जुन्या मोठ्या नमुन्यांपैकी हा एक. यात शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. आणि चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हालाच चाराचं चिन्ह जोडायचं. यातलं ७ किंवा ९ बघावं आणि मोबाइलवरचे आकडे आठवावेत. रोमपासून न्यूयॉर्कपर्यंत आज जे अंक चालतात त्यांच्या पूर्वजांपैकी काही इथं, घाटघरच्या वाटेवर, धुक्यात भिजत बसलेत.

या वाटेनं आलेल्या पैशानं जुन्नर केवढं फुगलं, ते तिथल्या डोंगरांत दिसतं. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी मिळून दोनशेहून अधिक खोदकामं. दानलेखांत कासार आहेत, बांबूकाम करणारे आणि धान्याचे व्यापारी आहेत, तेही एकेकटे नव्हेत तर आपापल्या श्रेणींसह, आजच्या भाषेत संघटनांसह. आणि स्वतःला ‘यवन’ म्हणवणारे इरिल, चिट, चंद असे तीन दातेही आहेत. ही माणसं किंवा त्यांचे पूर्वज कुठल्यातरी घाटानं वर आलेच असतील, आणि जुन्नरला जवळचा घाट कोणता, हे सांगायला नको.

मग वाट वळली. १८३०मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३मध्ये त्याच घाटातून रेल्वे चढली आणि दोन वर्षांनी थळघाटातूनही. लमाणांच्या तांड्यांना काम उरलं नाही. ज्या कारणासाठी घाटघर तिथं होतं ते कारणच निघून गेलं, गाव मात्र राहिलं. कारण तोवर माणसांनी त्या उतारावर भात पिकवायची हिकमत साधली होती.

डांगाणातली, म्हणजे या पश्चिम पट्ट्यातली वस्ती बघताना आधी घरं बघू नयेत, खाचरं बघावीत. डोंगरउतारावर पाणी थांबवायचं तर दगडी बांध घालून पायरीपायरीनं जमीन सपाट करावी लागते. हे एका कुटुंबाच्या आवाक्यातलं काम नव्हे. म्हणून महादेव कोळ्यांच्या या वाड्यांमध्ये पडकईची रीत: आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात खपायचं, उद्या माझ्या. अशी एकेक खाचरपट्टी पिढ्यान्पिढ्या वाढत गेली. सपाट झालेली जमीन घरासाठी वाया घालवायची नाही, त्यामुळे घरं मुरमाड, उंचसखल तुकड्यावर. वर झरा, मध्ये घरं, खाली खाचरं. जिथं हे तीन एका ओळीत जमले तिथं वाडी. एका ठिकाणच्या खाचरांवर दहा-वीस घरांहून अधिक जगत नाहीत, म्हणून एकविसावं घर पुढच्या झऱ्याकडं सरकणार. पूर्वेच्या गावासारखी एकच मोठी वस्ती इथं का नाही आणि एकाच गावाच्या वाड्या डोंगरभर का विखुरल्यात, याचं उत्तर हे इतकं सरळ आहे.

भाताच्या रोपांसाठी राब कसा भाजतात ते एकदा जवळून बघण्यासारखं असतं. खाचराच्या वरच्या कोपऱ्यातला लहानसा तुकडा. त्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर झाडाचे टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. माती कशाला? आग भडकू नये म्हणून. पेटवायचं तेही वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे आग धावत न सुटता दबकत, धुमसत जाते, आणि तणाचं बी नि किडा खोलवर भाजला जातो. पहिल्या पावसाला त्यात भात पेरायचं, रोपं हातभर झाली की आषाढात आवणी, म्हणजे लावणी. डोक्यावर इरलं, पायाखाली चिखल, कमरेत वाकून ओळीनं सरकणाऱ्या बायका. पेरण्याआधी जमीन भाजायची ही रीत कृषी खात्यातल्या साहेबांना शंभर-सव्वाशे वर्षं खटकत आली. डांगाणात ती अजून आहे.

भातानं पोट भरतं, पण हातात रोकड यायला हिरडा लागतो. हिरड्याची कोवळी फळं, म्हणजे बाळहिरडा, उन्हाळ्यात झोडायची, अंगणात वाळवायची; वाळता वाळता ती काळी ठिक्कर पडतात. पुढं औषधांच्या आणि रंगाच्या कारखान्यांत जातात. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानं इथली हिरड्याची झाडं मुळासकट आडवी केली, तेव्हा नुकसानभरपाईच्या कागदांत ‘हिरडा’ बसवता बसवता वर्षं गेली. द्राक्षाला, टोमॅटोला सरकारी रकाना असतो. रानात आपसूक वाढलेल्या झाडावर घर चालतं हे रकान्याला पटवून द्यावं लागतं.

आता पाण्याकडं येऊ, कारण या प्रदेशाची सगळ्यात चकित करणारी गोष्ट तीच आहे. घाटघरच्या कड्यावर पडलेली सर पश्चिमेला ओघळली तर उल्हास नदीच्या खोऱ्यातून वसईच्या खाडीत, अरबी समुद्रात. फार तर एक-दोन दिवसांचा प्रवास. तीच सर चार पावलं अलीकडं पडली तर कुकडीत, कुकडीतून घोडनदीत, घोडेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत, आणि हजाराहून अधिक किलोमीटर चालून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात. निदान धरणांआधी असंच होतं. आता माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे या पाच धरणांनी कुकडी प्रकल्पात हे पाणी अडवलंय, आणि कालव्यानं ते शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत पार सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातं. पाऊस घाटमाथ्याचा, ऊस मैदानाचा. त्या उसानं आणखी एक उलथापालथ केली. बिबट्याला दडायला बारमाही दाट रान मिळालं, मादी उसाच्या फडातच पिलं घालू लागली, आणि जुन्नर वनविभाग बिबट्यांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांचं निवारा केंद्र आहे माणिकडोहला, म्हणजे ज्या धरणाच्या पाण्यानं ही साखळी सुरू केली त्याच्याच पायथ्याशी. असं काही कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं ‘फार जुळवून आणलंय’ म्हणून काट मारली असती.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात याहून विलक्षण प्रकार आहे. तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला. मग आंबेगाव कुठं आहे? पाण्याखाली. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं तेच जलाशयात गेलं. जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. १९३०च्या डिसेंबरात मुंबईत परदेशी मालाच्या ट्रकपुढं आडवा झालेला हा गिरणी कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. सातबाऱ्यावर, दाखल्यांवर, एस.टी.च्या पाटीवर दररोज हजारो वेळा आंबेगाव लिहिलं जातं. नदीकाठची गाळाची जमीन म्हणून ते गाव तिथं वसलं होतं, आणि खोऱ्यातली नेमकी तीच सपाट जागा धरणाला हवी होती.

याच जलाशयाच्या वरच्या अंगाला माळीण. ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगराचा कडा सुटून खाली आला. १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एस.टी.च्या चालकामुळे. तो नेहमीच्या रस्त्यानं गाडी घेऊन आला, तर गाव जागेवर नव्हतं. का घडलं, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. सलग कोसळलेला पाऊस तर होताच. काळ्या कातळावर साठलेली सैल माती पाण्यानं जड होऊन घसरली, हेही उघड. वरच्या उतारावर यंत्रांनी केलेलं सपाटीकरण किती कारणीभूत, हा वाद राहिला. पडकई माणसांच्या हातांनी हंगामाला चार हात जमीन हलवत होती. यंत्र तेवढी एका दुपारी हलवतं. माझा कल कुठं आहे ते कळलंच असेल. वर झरा, मध्ये घरं, खाली खाचरं ही शतकांची सोय त्या दिवशी उलटली. वाचलेल्यांसाठी जवळच आमडे इथं नवं माळीण बांधलं गेलं आणि २०१७मध्ये घरं ताब्यात दिली. आखीव रस्ते, ओळीतली घरं. घाटमाथ्यावर ओळ नावाची चीज तोवर आवणीतच दिसायची.

पुन्हा जुन्नरच्या सपाटीवर उतरलं तर नारायणगावजवळ खोडद आहे. इथं आणि आसपासच्या शिवारांत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अवाढव्य तबकड्या उभ्या आहेत, खाली कांदा-बाजरी आणि वर आकाशगंगा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही महाकाय रेडिओ दुर्बीण, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उतरलेली. चौदा तबकड्या मध्यभागी, उरलेल्या तीन फाट्यांवर जवळपास २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. खोडदच का? कारण इथं आवाज कमी होता. कानाला ऐकू येणारा नव्हे, रेडिओ लहरींचा. भोवती डोंगर आड, मोठं शहर दूर. एकदा दुर्बीण आली म्हटल्यावर ती शांतता राखणं आलं, म्हणून आसपास मोठ्या कारखान्यांवर निर्बंध. पुणे-नाशिक रेल्वेची आखणीही या दुर्बिणीसाठी बदलावी लागली. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी नीट ऐकू याव्यात म्हणून एका तालुक्याचे कारखाने आणि रूळ अडतात. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उभं राहून हे कुणाला समजावून सांगून बघा!

कुकडीच्याच काठी बोरीला नदीच्या दरडीत राखेचा पट्टा आहे. ती राख इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची. ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून जुन्या उद्रेकाची, यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडतात. थरालगत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडलीत. म्हणजे बोरीच्या जागेवर राहावंसं वाटलेला पहिला माणूस आपण समजतो त्याहून फारच आधीचा.

जागा बघून आधी माणूस वसतो, नकाशा मागून येतो, ही इथली तऱ्हा. अमेरिकेत याच्या नेमकं उलट घडलं. तिथं १७८५च्या कायद्यानं पश्चिमेची जमीन आधी कागदावर चौकोनांत कापली, सहा मैल लांब, सहा मैल रुंद, आणि प्रत्येकाचे ३६ तुकडे. मग रेल्वे आली. शेतकऱ्यानं धान्याची गाडी घेऊन यावं आणि अंधार पडायच्या आत घरी परतावं, एवढ्या हिशेबानं सात-दहा मैलांवर एकेक ठाणं. नेब्रास्कात तर एका मार्गावर रेल्वेवाल्यांनी गावांची नावं वर्णमालेनंच लावली: क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड. आधी नकाशा, मग नाव, मग गाव, आणि सगळ्यात शेवटी माणूस.

डांगाणात माणूस आधी आणि कागद अजून वाटेवर. जनगणना मोजते ती महसुली गावं. त्या गावाच्या पोटात विखुरलेल्या वाड्यांना तिथं स्वतंत्र ओळ नसते. वाडी दोन टेकड्यांपलीकडं, ग्रामसभा मूळ गावात, निधी त्याच्याच नावावर, आणि गट ग्रामपंचायत असेल तर तोही आणखी दोन-तीन गावांत वाटलेला. जुन्नर आणि आंबेगावचा हा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून इथं १९९६चा पेसा कायदा लागू आहे, आणि महाराष्ट्रानं २०१४मध्ये केलेल्या त्याच्या नियमांत एक वाट ठेवलीय. वाडीतल्या मतदारांनी एकत्र बसून बहुमतानं ठराव करायचा, की आमची वस्ती हे स्वतंत्र गाव आहे. आमच्या शिवा या, आमचं पाणी हे, आमची देवराई ही. ठराव उपविभागीय अधिकाऱ्याकडं जातो, चौकशी होते, पुढं अधिसूचना निघते. मग त्या दहा-वीस घरांची स्वतःची ग्रामसभा. गौण वनउपज, म्हणजे इथं मुख्यतः हिरडा, कुणाला आणि कोणत्या भावानं विकायचा हे तिनं ठरवायचं.